नाव पोचलं पाहिजे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ही डायरी प्रणालीनं दिली. बँकेची आहे, २०२४ ची, म्हणून छापलेले वार चुकतात. मी खोडून बरोबर लिहून राहिलो. चौतीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर दुसऱ्यांची हजेरी लिहिली, स्वतःबद्दल एक ओळ कधी लिहिली नाही. आता कारण घडलं. शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी आजोबा झालो. मुलगी आहे. दोन किलो आठशे.

आज दवाखान्यातून घरी आणलं. खरं तर पहिलं बाळंतपण सुनेच्या माहेरी, पण प्रणालीच्या आईचं अमरावतीला गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, म्हणून सगळं इथंच, महाराजपुरला. माझ्या बायकोनं, लतिकेनं, शिकवते त्या शाळेतून आठ दिवस सुट्टी घेतली. अभिराम बाप झाल्यापासून नुसता इकडून तिकडे फिरून राहिला, हातात काही नसतं.

संध्याकाळी प्रणाली म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर नावंच घेतली. हिचं नाव तुम्हीच निवडा. फक्त लहान पाहिजे आणि सोपं. दोन अक्षरी." बँकेत दिवसभर ती लोकांची लांबलचक नावं फॉर्मच्या चौकोनांत बसवते, त्याचा तिला वैताग आहे.

मी वरून फक्त "पाहतो" म्हटलं. आतून फार आनंद झाला. ह्या घरात मला शेवटचं काम कोणी दिलं होतं ते गॅसचा नंबर लावायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाळ फार शहाणं आहे. रात्रभर झोपतं. मी दहाला पडतो तो थेट साडेपाचला उठतो, मध्ये चूं नाही. अभिरामचे आणि प्रणालीचे डोळे मात्र लाल, सुजलेले. इतकं गुणी बाळ असून ही पोरं काहून झोपत नाहीत ते कळत नाही. मोबाइल पाहत बसत असतील.

बाळ कधी कुरकुरतं तर इतकं बारीक की शेजारी बसलेल्यालाही जेमतेम कळावं. जांभया मात्र खूप देते. तोंड लाल करून, मुठी आवळून, मोठ्या जांभया.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कामाला लागलो. अभिरामनं मोबाइलमधून दोन अक्षरी नावांची यादी काढून दिली. तिशा, सिया, इशी, किया. मी म्हटलं, ही नावं आहेत की शिंका? तोंड उघडायच्या आत संपतात. रेवा हे एक बरं होतं, पण नर्मदेच्या गावात राहतो आम्ही. ह्या एका गल्लीत चार रेवा आहेत आणि कोपऱ्यावर योगेशचं दुकान आहे ते रेवा किराना.

नावाबद्दल माझं एक मत आहे आणि ते पुस्तकी नाही. नाव हे हाक मारायला असतं. मी गेटवर उभा राहायचो तेव्हा मागं हॅमर शॉप, दिवसभर घणाघण. पुढं सातशे माणसं. माइक नाही, काही नाही. नाव असं पाहिजे की फेकलं की समोरच्याच्या कानावर जाऊन बसलं पाहिजे. नाव पोचलं पाहिजे. बाकी अर्थ, रास, नक्षत्र सगळं नंतर.

म्हणून आज सकाळी सातला गच्चीवर गेलो आणि यादीतली नावं एकेक करून हाक मारून पाहिली. आवाज अजून तसाच आहे. पाचव्या नावाला खाली सात-आठ माणसं जमली. शेजारच्या तिवारी भाभी गेटाशी येऊन विचारायला लागल्या, "भाईसाहब, किसकी बच्ची खो गई?" मी म्हटलं, कोणाची नाही, आमचीच आहे, नाव शोधून राहिलो. तरी दोघं जण नाल्यापर्यंत पाहून आले. लतिका दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोलली असेल तर माझ्या लक्षात आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दारावरची घंटी बिघडली. तिसऱ्यांदा. अभिराम म्हणतो, चांगली आहे. चांगली आहे तर कुरियरवाला बाहेर दहा मिनिटं काहून उभा होता आणि मी आत हॉलमध्ये बसलेलो? आजकाल सगळा माल हलका येतो. टीव्हीचा स्पीकर गेला, कुकरची शिट्टी नुसती वाफ सोडते. सराफ्याच्या पलीकडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटी आणली आणि स्वतः लावली. दुकानदार म्हणाला, "दादा, ये तो गोदाम में लगती है।" मी म्हटलं, दे.

नागपूरहून गीतांजलीचा फोन आला. आत्या म्हणून तिचा मान आहे, बारशाला बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. एकवीस डिसेंबरचा रविवार ठरला आहे. ती पुष्कळ बोलली. तिकडचं नेटवर्क फार खराब, मी हं हं करत राहिलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज उलटी परीक्षा घेतली. मागच्या वेळी मी हाक मारली, पण घरात हाक मारणारे दुसरेच असणार, तेव्हा नाव दुरून कसं येतं ते पाहायला पाहिजे. नीलकंठला बोलावलं. तो आणि मी फॅक्टरीत एकाच दिवशी लागलो, तो घमापुरला राहतो, रविवारी येतोच. त्याला योगेशच्या दुकानाजवळ उभं केलं, हातात यादी दिली, मी गच्चीवर पाठ करून उभा राहिलो. पाठ केली म्हणजे लबाडी नको. पंधरा नावं होती, बारा दोन अक्षरी आणि तीन माझ्या पसंतीची. जे नाव पोचेल त्यावर खूण करायची.

पोचलेली नावं तीन. मंदाकिनी, गोदावरी, दमयंती. लहान नाव एकही पोचलं नाही.

मला जे वाटत होतं ते सिद्ध झालं. नीलकंठ वर येऊन म्हणतो, "काय बे, पूर्ण कॉलनीनं ऐकलं, माझा घसा बसला." मी म्हटलं, कॉलनीनं ऐकणं वेगळं आणि माणसाला पोचणं वेगळं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग चहा मागितला. तो पण आता म्हातारा होऊन राहिला.

रात्री जेवताना मी निकाल सांगितला आणि मंदाकिनी हे नाव मांडलं. प्रणालीनं कागद पाहिला. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती आधी लतिकेकडे पाहून राहिली आणि मग माझ्या ताटात भाजी वाढली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज टेबलावर एक रंगीत कागद सापडला. अधारतालच्या एका झूलाघराचा, म्हणजे पाळणाघराचा. वर हसणाऱ्या बाळांचे फोटो, खाली वेळा, सकाळी नऊ ते सहा.

मेमध्ये प्रणालीची सुट्टी संपते. अभिराम नऊला निघतो. लतिकेच्या नोकरीची अजून तीन वर्षं आहेत, ती दोनला घरी येते. तोपर्यंत घरात कोण? मी. धडधाकट माणूस, शुगर नाही, बीपी नाही, गुडघे ठीक. तरी ही पोरं झूलाघर पाहून राहिली आणि मला कोणी शब्दानं विचारलं नाही.

मला हे काम पाहिजे. इथं लिहितो, कारण तोंडानं मागायला लाज वाटते. अभिराम आणि गीतांजली लहान होते तेव्हा मी सकाळी सहाला गेटवर असायचो, ती उठायची तेव्हा मी नसायचो. ह्या वेळी मला घरी राहायचं आहे. नाव मी नीट निवडलं तर त्यांना कळेल की माणूस जबाबदार आहे, ह्याच्यावर बाळ सोपवायला हरकत नाही. म्हणून मंदाकिनीचा हट्ट सोडतो. पुन्हा लहान नावं पाहतो.

२ डिसेंबर, मंगळवार

आज मोठा दिवस. प्रणालीला बँकेत एका सहीसाठी जायचं होतं, अर्ध्या तासाचं काम. अभिराम ऑफिसात, लतिका शाळेत. तिनं दोनदा विचारलं, "बाबा, नक्की?" मी म्हटलं, बेटा, सातशे माणसं सांभाळली. बाळ नुकतंच दूध पिऊन झोपलं होतं. मी व्हरांड्यात दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, म्हणजे आपल्या खोकल्यानं उठायला नको. दार थोडं उघडं ठेवलं. हजेरी जागेवरच लिहितो.

११.०० प्रणाली गेली.
११.०५ शांत.
११.१० शांत. ऊन छान आहे.
११.१५ शांत. योगेशच्या दुकानातलं गिऱ्हाईक इकडे वळून पाहून राहिलं. मी पाहिलं तर वळलं.
११.२० तिवारी भाभी त्यांच्या गच्चीवरून हात हलवून राहिल्या. मीही हलवला. चांगली बाई आहे.
११.२३ अजून हलवतात. मीही पुन्हा हलवला.
११.२७ भाभी गेटाशी आल्या, तोंडानं काहीतरी बोलून आत बोट दाखवून राहिल्या. मी ओठावर बोट ठेवून सांगितलं, बाळ झोपलं आहे.
११.३१ प्रणाली रिक्षातून उतरली, पर्स गेटातच पडली, आणि धावत आत गेली. भाभी तिच्या मागं.

पुढचं नंतर लिहितो.

रात्री साडेआठ. बाळाचं तोंड लालबुंद झालं होतं. प्रणालीनं तिला छातीशी धरलं आणि स्वतःच रडायला लागली. मला काही म्हणाली नाही. संध्याकाळपासून तिघं स्वयंपाकघरात, मी गेलो की गप्प. मी अर्धा तास जागचा हललो नाही, पापणी लवू दिली नाही, मोबाइलला हात लावला नाही. माझी चूक काय ते तरी सांगा.

३ डिसेंबर, बुधवार

लतिका आज शाळेत गेली नाही. माझ्यासमोर वेताचा मोढा ओढून बसली, माझे दोन्ही हात धरले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, आत्ता आलं की.

"आत्ता आलं कारण मी तुमच्या नाकासमोर बसून ओरडून राहिली."

मी म्हटलं, तू पुटपुटतेस, मोठ्यानं बोलत जा. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली मोठ्यानंच बोलून राहिली. शाळेत पोरांवर ओरडत नाही इतकी घरात ओरडते. तुमचा मान ठेवायचा म्हणून कोणी बोललं नाही. ते आमचं चुकलं."

मी बराच वेळ वाद घातला. घंटी, टीव्ही, कुकर, गीतांजलीचं नेटवर्क, नीलकंठचा घसा, सगळे पुरावे दिले. ती मान हलवत राहिली. मग मी विचारलं, बाळ रडते?

"अहो, रोज. रात्री अकरापासून तीनपर्यंत. योगेशच्या दुकानापर्यंत ऐकू जाते."

म्हणजे त्या जांभया नव्हत्या.

पार्कात मी सगळ्यांना सांगून आलो की आमची नात रडतच नाही. तेव्हा नीलकंठ खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसला होता. आता समजलं.

नात सव्वीस दिवसांची झाली आणि तिचं खरं रडणं मी एकदाही ऐकलं नाही. काल ती अर्धा तास माझ्यापासून आठ फुटांवर रडली आणि मी उन्हात बसून शांत, शांत लिहून राहिलो. प्रणालीनं मला काही म्हटलं नाही हे जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

६ डिसेंबर, शनिवार

नेपियर टाऊनमधल्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो. प्रणाली बरोबर आली, बाळाला लतिकेजवळ ठेवून. मी म्हटलं, अभिराम येईल, तू काहून? म्हणाली, "मला यायचं आहे."

डॉक्टर म्हणजे चष्मेवाली पोरगी, गीतांजलीपेक्षा लहान. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून तयार बसलो. बराच वेळ झाला तेव्हा विचारलं, चालू कधी होणार? ती म्हणाली, "हो गया, अंकल जी।"

मग एक कागद दाखवला. रेघ आडवी पाहिजे, माझी अर्ध्यातून खाली घसरली होती. विचारलं, "फैक्ट्री में थे?" मी हो म्हटलं. म्हणाली, "पतली, तीखी आवाज़ें चली गई हैं। मोटी, गोल आवाज़ें अभी बची हैं।" प्रणाली पुढं सरकून तिला पुष्कळ काही विचारत राहिली, कोणते आवाज गेले, कोणते राहिले, ओठ मिटून बोलतो ते की दात लावून बोलतो ते. त्या कागदाचा फोटोही काढला. मला वाटलं, झूलाघरवाल्यांना दाखवायला पुरावा पाहिजे असेल.

कानाचा साचा घेतला. मशीन अठराला मिळणार. मी म्हटलं, मला नको, म्हातारा दिसेन. प्रणाली म्हणाली, "बाबा, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात."

१० डिसेंबर, बुधवार

प्रणाली विचित्र वागून राहिली. सकाळी व्हरांड्यात बसलो होतो, सहज मान वळली तर ती मागं दाराशी उभी, बाळ खांद्यावर, मोबाइलमध्ये काहीतरी टिपून राहिली. काय झालं म्हटलं तर, "काही नाही बाबा." दुपारी पेपर वाचताना पुन्हा तेच. चहा पिताना पुन्हा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज मुद्दाम आरशासमोर बसून दाढी केली. तीन वेळा ती मागं येऊन उभी राहिलेली आरशात दिसली. ओठ हलतात, मी वळलो की थांबते आणि टिपते. नाही वळलो तर थोडं थांबून निघून जाते, तेव्हाही टिपते. लतिकेला सांगितलं तर ती म्हणते, "करू द्या तिला."

फॅक्टरीत मेमो द्यायच्या आधी साहेब लोक असेच मागं येऊन उभे राहायचे. माझी तपासणी चालली आहे, दिवसातून किती वेळा ह्या माणसाला ऐकू येत नाही ह्याची. करा. माझ्याकडून तुम्हाला पाहिजे तितका पुरावा मिळेल.

बाळाला आज मी घेतलं नाही. कोणी दिलं नाही, मी मागितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

विचार करून राजीनामा लिहिला. प्रति, सौ. प्रणाली अभिराम राजूरकर. विषय, नाव निवडण्याच्या जबाबदारीतून मुक्त करणेबाबत. खाली लिहिलं की उपरोक्त कर्मचारी श्रवणास असमर्थ ठरल्याने लहान नावांची योग्य परीक्षा घेऊ शकत नाही, तरी सदर काम अन्य सक्षम व्यक्तीकडे सोपवावे. सही केली, तारीख टाकली, तिच्या हातात दिला.

तिनं उभ्या उभ्या वाचला, घडी केली आणि म्हणाली, "मंजूर."

नामंजूर होईल असं मला वाटलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणाचा राजीनामा एका मिनिटात मंजूर झालेला मी पाहिला नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

मशीन आलं. मक्याच्या दाण्याएवढं, कानामागं बसतं. दवाखान्यातून बाहेर पाय टाकला आणि एका ऑटोनं हॉर्न दिला, मी प्रणालीचा हात घट्ट धरला. घरी आलो, लतिकेनं दाराची घंटी दाबली आणि मी दोन पावलं मागं सरकलो. ही घंटी मी स्वतः आणून लावली. ही माणसं महिनाभर हे सहन करून राहिली आणि एका अक्षरानं बोलली नाहीत. उद्या काढून टाकतो. तिवारी भाभींची माफी मागायला पाहिजे. तशी पुष्कळ गोष्टींची मागायला पाहिजे.

पंखा आवाज करतो. लतिकेच्या बांगड्या करतात. पोहे खाताना मी स्वतः इतका आवाज करतो हे माहीत नव्हतं.

चार वाजता बाळ रडलं. मी हॉलमध्ये होतो, ती आतल्या खोलीत. काय आवाज आहे पोरीचा. मी जागच्या जागी उभा राहिलो आणि मलाही रडू आलं. लिहायला हरकत नाही, ही माझी डायरी आहे. अभिराम घाबरून म्हणाला, "बाबा, दुखून राहिलं का?" मी नाही म्हटलं आणि तिला रडू द्या म्हटलं, अजून थोडं. प्रणालीनं मात्र लगेच घेतलं.

डॉक्टरनं आधी दोन-दोन तासच घालायला सांगितलं आहे. झोपताना, आंघोळीला काढायचं.

२१ डिसेंबर, रविवार

बारसं झालं. आत्ता संध्याकाळचे सात, पाहुणे गेले, घरात घुगऱ्यांचा वास आहे. मी सावकाश लिहितो.

गीतांजली काल आली. आल्याबरोबर म्हणाली, "बाबा, तुमचा राजीनामा व्हॉट्सअॅपवर वाचला, छान होता." म्हणजे नागपूरपर्यंत गेला.

नाव काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. राजीनामा दिलेल्या माणसानं विचारू नये. बायकांनी पाळणा सजवला, बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिलं-घेतलं, तिवारी भाभींनाही त्यात उभं केलं, त्या कोणत्या बाजूनं घ्यायचं ते विसरत होत्या. गीतांजली पाळण्यात वाकून बाळाच्या कानाला लागली, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाकीच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप घातले. त्या गोंधळात मला काही समजलं नाही, आणि मोठ्यानं कोणी बोललंही नाही.

मग प्रणाली माझ्यासमोर आली. "बाबा, व्हरांड्यात चला. मशीन काढा आणि तोंड रस्त्याकडे करून बसा."

पन्नास माणसं पाहून राहिली होती. नीलकंठ होता, योगेश होता, प्रणालीची आई वॉकर घेऊन अमरावतीहून आली होती. ह्यांच्यासमोर तपासणी. मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. पण सणाच्या दिवशी सुनेला नाही कसं म्हणू. मशीन काढून डबीत ठेवलं आणि बसलो. सगळं एकदम मऊ झालं, बायकांचा गलका गेला. समोर रस्ता, एक गाय, योगेशचं बंद दुकान.

थोड्या वेळानं मी मागं वळलो.

काहून वळलो ते आधी मलाच कळलं नाही. प्रणाली आतल्या खोलीच्या दारात उभी होती, माझ्यापासून वीस पावलांवर, आणि सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. लतिकेनं पदर डोळ्याला लावला होता. मग माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी ऐकलं म्हणून वळलो. प्रणालीनं पुन्हा म्हटलं, हाक नाही, साध्या आवाजात, आपण पाणी मागतो तसं. "उमा."

मला आलं. नीट, पूर्ण.

ती जवळ येऊन बसली, मोबाइल दाखवला. त्यात यादी होती, एकसष्ट नावं, सगळी दोन अक्षरी, पुढं खुणा. म्हणाली, "बाबा, सहा दिवस तुमच्या मागं उभी राहून एकेक नाव घेतलं. बऱ्याच नावांना तुम्ही वळलाच नाहीत. काहींना एखादवेळा. हे नऊ वेळा घेतलं, नऊही वेळा वळलात."

मी डबीतून मशीन काढून कानात घातलं, कारण पुढचं मला सुटू द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, "मशीन कधी काढलेलं असेल, कधी बॅटरी संपेल. ह्या घरात दिवसातून शंभर वेळा जे नाव घेतलं जाईल ते तुम्हाला पोचलं पाहिजे. उमा उठली, उमाला घ्या, उमा पडेल. मेपासून सकाळी नऊ ते दोन तुम्हीच तिच्याजवळ राहणार आहात ना?"

मी म्हटलं, झूलाघर?

अभिराम म्हणाला, "तो कागद तर तेव्हाच फेकला बाबा, तुम्हीच विचारलं नाही."

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, माझ्या यादीत हे नाव नव्हतं. नीलकंठ म्हणाला, "बे, तुझ्या यादीत तर मंदाकिनी होती," आणि सगळे हसले, मीही हसलो.

प्रणालीबद्दल ह्या डायरीत मी वरती जे जे लिहिलं ते खोडणार होतो. खोडत नाही. ते तसंच राहू दे, माझ्या अकलेची हजेरी म्हणून.

२२ डिसेंबर, सोमवार

गीतांजली सकाळच्या गाडीनं गेली. लतिका शाळेत, अभिराम ऑफिसात.

दहा वाजता प्रणालीनं उमाला माझ्या मांडीवर दिलं. "मी झोपून राहिली बाबा. दूध बाटलीत काढून ठेवलं आहे. मला दोन तास उठवू नका." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी कडी लागल्याचा आवाज ऐकला.

अकराला उमा रडली. आधी थोडं, मग जोरात. मी बाटली दिली, मग खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फिरलो, ढेकर काढली, दुपटं बदललं. ते पहिल्यांदा उलटं बांधलं गेलं. तिवारी भाभी खिडकीत आल्या, मी मानेनंच सांगितलं, सुनाई दे रहा है. त्या गेल्या. पाऊण तास लागला, पण झोपली.

प्रणाली साडेबारापर्यंत झोपली.